गांजाचे दुकान आणि गावाची वेस : वाचकांचे प्रश्न

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांकडून गांजाच्या परवानाधारक दुकानांविषयी बरेच प्रश्न या सदराकडे आले होते. काही पत्रांत संताप होता, काहींत कुतूहल होते, आणि दोन-तीन पत्रे थेट व्यवसाय सुरू करण्याविषयी होती. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. कायदा राज्याराज्यात निराळा असल्यामुळे विवेचन कॅलिफोर्नियापुरतेच ठेवले आहे. शेवटी पुण्याच्या एका वाचकाच्या प्रश्नानिमित्त भारताकडे वळलो आहे.

प्रश्न : गांजाची विक्री राज्याने कायदेशीर केली, असे आम्ही २०१६ पासून ऐकतो आहोत. तरी आमच्या शहरात एकही दुकान नाही आणि पाच मैलांवरच्या शहरात मुख्य रस्त्यावर तीन दुकाने आहेत. कायदा एकाच राज्याचा असताना असे कसे होते? आमच्या शहराने बंदी घातली असेल, तर ती न्यायालयात टिकेल का?
— एक वाचक, सांताक्लारा काउंटी

उत्तर : टिकेल. आपल्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे, ती आधी दूर करावी लागेल. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी मतदारांनी सुमारे ५७ टक्के मतांनी ‘प्रपोझिशन ६४’ (थेट मतदारांपुढे ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव) मंजूर केले. त्यामुळे २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला २८.५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगण्याची आणि घरी सहा झाडे लावण्याची मुभा मिळाली. हा व्यक्तीचा अधिकार झाला. दुकान उघडण्याचा अधिकार मात्र त्या मतदानाने कोणालाही दिला नाही. दुकानासाठी राज्याचा परवाना लागतो आणि त्याआधी स्थानिक संस्थेची संमती लागते. राज्याच्या कायद्यातील एका कलमात स्पष्ट म्हटले आहे की, शहर किंवा काउंटी आपल्या हद्दीत या व्यवसायांचे नियमन करू शकते, त्यांतील काही प्रकारांनाच परवानगी देऊ शकते किंवा सगळ्यांवर पूर्ण बंदी घालू शकते. राज्यातील निम्म्याहून अधिक शहरांनी व काउंट्यांनी किरकोळ विक्रीला आपल्या हद्दीत आजही जागा दिलेली नाही.

ही व्यवस्था प्रपोझिशन ६४ मुळे आली असेही नाही. १९९६ साली ‘प्रपोझिशन २१५’ ने रुग्णांना वैद्यकीय वापराची सूट दिली, तेव्हापासून ‘डिस्पेन्सरी’ नावाची दुकाने उघडू लागली आणि शहरांनी झोनिंगच्या, म्हणजे कोणत्या जागेचा कोणता वापर चालेल हे ठरवणाऱ्या, नियमांचा आधार घेऊन ती बंद करण्यास सुरुवात केली. रिव्हरसाइड शहराच्या अशाच एका बंदीला आव्हान दिले गेले, आणि २०१३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, वैद्यकीय वापराला राज्याने फौजदारी संरक्षण दिले, एवढ्यावरून जमिनीचा वापर ठरवण्याचा शहराचा अधिकार संपुष्टात येत नाही. शहरांच्या संघटना तेव्हापासून या अधिकाराबाबत अतिशय जागरूक आहेत. तो अबाधित ठेवला नसता, तर प्रपोझिशन ६४ ला झाला त्याहून कितीतरी कडवा विरोध झाला असता.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकांना ‘आडवी बाटली’ आठवत असेल. गावातील किंवा वॉर्डातील महिलांनी पुरेशा संख्येने मागणी केली की राज्य उत्पादन शुल्क विभाग मतदान घेतो, मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात, आणि आडव्या बाटलीला बहुमत मिळाले की गावातले दारूचे दुकान बंद होते. दोन्हीकडे मूळ विचार एकच आहे. राज्य व्यवसायाला मान्यता देते, पण तो आपल्या दारात असावा की नाही, हे गाव ठरवते. फरक क्रमाचा आहे. आपल्याकडे दुकान आधी उघडते आणि गावाला ते हटवण्यासाठी झगडावे लागते, तर कॅलिफोर्नियात गावाची संमती आधी लागते. त्यातही एक मेख आहे. अर्जदार स्थानिक नियमांचे पालन करतो का, अशी विचारणा राज्याच्या खात्याने केल्यावर शहराने ठरावीक मुदतीत उत्तरच दिले नाही, तर पालन होते असे गृहीत धरून खाते पुढे जाऊ शकते. म्हणूनच १ जानेवारी २०१८ रोजी विक्री सुरू होण्यापूर्वी अनेक शहरांनी घाईघाईने बंदीच्या उपविधी (शहराचे स्वतःचे कायदे) मंजूर करून घेतल्या. त्यांतील कित्येकांचा हेतू कायमची बंदी घालण्याचा नव्हता. विचार करायला अवधी मिळावा, एवढाच होता. तो अवधी किती वर्षे लांबावा याला मात्र कायद्यात मर्यादा नाही, आणि तात्पुरती म्हणून घातलेली बंदी उठवायला पुढे कोणी पुढाकार घेत नाही, हा अनुभव नव्या नगरसेवकांना सर्वत्र येतो.

शहराच्या या अधिकारालाही कुंपण आहे. स्वतःच्या घरात, बंदिस्त जागेत सहा झाडे लावण्यास शहर मनाई करू शकत नाही. तेथे ते वाजवी नियमच घालू शकते. उघड्या अंगणातील लागवडीला ते मनाई करू शकते. आपल्या रस्त्यांवरून परवानाधारकाचा माल जाण्यालाही ते आडकाठी करू शकत नाही. आणखी एक गोष्ट तपासून पाहावी. पोस्टाच्या पत्त्यात शहराचे नाव असले, तरी आपले घर शहराच्या हद्दीबाहेर, म्हणजे काउंटीच्या थेट अखत्यारीत असू शकते. तसे असल्यास आपल्याला लागू होणारा नियम काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाचा असतो आणि शहराच्या सभेत कितीही वेळ भाषण केले तरी त्याचा उपयोग होत नाही. २०१८ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा लॉस एंजेलिस शहरात दुकानांना वाट मोकळी होती आणि त्याच नावाच्या काउंटीच्या थेट अखत्यारीतील वस्त्यांमध्ये बंदी होती. रस्ता ओलांडला की कायदा बदलत असे.

प्रश्न : आमच्या वस्तीजवळच्या बाजारसंकुलात गांजाचे दुकान येणार असल्याची नोटीस लागली आहे. त्याच संकुलात मुलांचे तबला आणि भरतनाट्यमचे वर्ग चालतात, आणि मागच्या रस्त्यावर मंदिर आहे. शाळेपासून ६०० फुटांचा नियम येथे लागू होत नाही का? हे अंतर चालत जाण्याच्या रस्त्याने मोजतात की सरळ रेषेत?
— एक पालक, अलामीडा काउंटी

उत्तर : अंतर सरळ रेषेत मोजतात. शाळेच्या भूखंडाच्या सीमेपासून दुकान ज्या भूखंडावर आहे त्याच्या सर्वांत जवळच्या सीमेपर्यंत, मधल्या इमारती किंवा भिंती लक्षात न घेता. दारापासून दारापर्यंत ते मोजत नाहीत. त्यामुळे मोठ्या बाजारसंकुलाच्या पलीकडच्या टोकाला असलेले दुकानही, संकुलाची जमीन एकच असेल तर, अंतराच्या आत येऊ शकते. हे आपल्याला उपयोगी पडण्याजोगे आहे. जवळपास शाळा असेल, तर काउंटीच्या भूखंड नकाशावर आधी मोजून पाहावे.

आता आपल्याला न आवडणारा भाग. राज्याच्या कायद्यात हे अंतर तीन प्रकारच्या संस्थांपासून धरले आहे : बालवाडी ते बारावीपर्यंतची शाळा, पाळणाघर आणि युवा केंद्र. मंदिर, चर्च किंवा मशीद यांचा त्यात समावेश नाही. उद्याने आणि ग्रंथालयेही नाहीत. तबला आणि भरतनाट्यमचे वर्ग ‘युवा केंद्रा’त बसतील असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे, पण राज्याच्या नियमावलीत खासगी कराटे, योग, बॅले, संगीत, चित्रकला किंवा तत्सम वर्ग युवा केंद्राच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहेत. वगळण्यामागचे कारण व्यावहारिक आहे. असा प्रत्येक वर्ग धरला, तर उपनगरांतील एकही बाजारपेठ शिल्लक राहणार नाही. आपल्या मंडळाची रविवारची मराठी शाळा सार्वजनिक शाळेच्या इमारतीत भरत असेल, तर त्या इमारतीचे संरक्षण तिला आपोआप मिळते. कार्यालयाच्या भाड्याच्या जागेत भरत असेल, तर त्याच मुलांना तेवढे संरक्षण मिळेलच असे नाही. मला स्वतःला हा भेद पटत नाही, पण नियम तसा आहे.

मात्र ६०० फूट हा आकडा अंतिम नाही. स्थानिक संस्था तो वाढवू शकते किंवा घटवू शकते, आणि संरक्षित ठिकाणांच्या यादीत भरही घालू शकते. लॉस एंजेलिसने शाळांपासून ७०० फूट अंतर ठरवले आणि उद्याने व ग्रंथालये यांचाही विचार केला. सॅन फ्रान्सिस्कोने दोन दुकानांतही ६०० फुटांचे अंतर राखले. म्हणून आपला आग्रह राज्याच्या नियमावर न ठेवता, आपल्या शहराची उपविधी काय म्हणते आणि तिच्यात दुरुस्ती करता येईल का, यावर ठेवावा. कायदा परवाना देण्याच्या दिवशी अस्तित्वात असलेल्या संस्थाच मोजतो. दुकान आल्यावर शेजारी पाळणाघर उघडले, तर केवळ त्या कारणाने दुकान हटत नाही.

या अंतरांच्या वर्तुळांचा एक परिणाम सभांमध्ये क्वचितच बोलला जातो. शाळा, पाळणाघरे, उद्याने आणि इतर दुकाने यांभोवती वर्तुळे काढत गेले की नकाशावर उरते ते थोडेसे तुकडे. व्यवसायातील लोक त्यांना ‘ग्रीन झोन’ म्हणतात. अर्ज करण्यासाठी जागा हाताशी असावी लागते, म्हणून प्रत्येक इच्छुक त्याच मोजक्या गाळ्यांच्या मालकांकडे जातो, आणि भाडे भडकते. परवाना मिळो न मिळो, महिनोन्महिने रिकाम्या गाळ्याचे भाडे भरणे ज्याला परवडते तोच स्पर्धेत टिकतो. शिवाय हे तुकडे बहुधा महामार्गालगत, गोदामांच्या भागात किंवा कमी उत्पन्नाच्या वस्त्यांजवळ असतात. सुखवस्तू उपनगरात शाळा, उद्याने आणि पाळणाघरे इतकी दाट असतात की तेथे दुकानाला जागाच उरत नाही. नियम मुलांच्या रक्षणासाठी केला, हे खरेच आहे. पण त्याने दुकाने कोणाच्या मुलांजवळ सरकली, हेही त्याच नकाशावर दिसते.

प्रश्न : सिटी कौन्सिलच्या सुनावणीत विरोध नोंदवायचा आहे. आमच्या गटातील काहींचे म्हणणे असे की, व्यसनाचे दुष्परिणाम सांगणारी माहिती वाचून दाखवावी. याचा उपयोग होईल का?
— महाराष्ट्र मंडळातील काही सदस्य, दक्षिण कॅलिफोर्निया

उत्तर : तीन मिनिटांत तेवढेच वाचाल, तर फारसा होणार नाही. दुकानांना परवानगी द्यावी की नाही, हा धोरणाचा प्रश्न कौन्सिलपुढे असेल तेव्हा आरोग्याचा मुद्दा रास्त आहे आणि तो जरूर मांडावा. पण धोरण मंजूर झाल्यानंतर एका विशिष्ट गाळ्याच्या वापर-परवान्याची (त्या जागी तो व्यवसाय चालवण्याच्या शहराच्या परवानगीची) सुनावणी चालू असते, तेव्हा नियोजन आयोगापुढचा प्रश्न अगदी मर्यादित असतो : हा वापर या जागी उपविधीतील निकषांत बसतो का, आणि शेजाऱ्यांना होणारा त्रास अटी घालून आटोक्यात ठेवता येईल का. आयोगाला आपला निर्णय याच निकषांवर लेखी कारणांनी सिद्ध करावा लागतो. ‘गांजा वाईट आहे’ या कारणावर दिलेला नकार पुढे न्यायालयात अडचणीत येतो, आणि हे शहराच्या वकिलाने आयोगाच्या कानात आधीच सांगितलेले असते.

त्यामुळे बोलायचे ते वाहनतळ, प्रकाशयोजना, वास, गर्दीच्या वेळा आणि कामकाजाचे तास यांविषयी. राज्याच्या नियमानुसार किरकोळ विक्री सकाळी ६ ते रात्री १० या वेळेतच करता येते. शहर त्याहून कडक वेळ ठरवू शकते. दुकानात परवानाधारक सुरक्षारक्षक असावा लागतो आणि कॅमेऱ्यांचे चित्रण ९० दिवस जपून ठेवावे लागते, हे राज्यच सांगते. त्यामुळे ‘रक्षक ठेवा’ अशी मागणी करण्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी रक्षकाने दुकानाबाहेरच्या वाहनतळावरही फेरी मारावी, हवा गाळून बाहेर सोडणारी यंत्रणा बसवावी, तक्रारीसाठी संपर्काचा क्रमांक दर्शनी भागात लावावा, आणि एका वर्षानंतर परवान्याचा फेरविचार व्हावा, अशा नेमक्या अटी मागाव्यात. शेवटची अट सर्वांत मोलाची आहे. वापर-परवाना सामान्यतः जमिनीला चिकटलेला असतो. दुकानाचा मालक बदलला तरी तो चालू राहतो. फेरविचाराची तरतूद आधीच घालून ठेवली नाही, तर नंतर तो रद्द करवून घेणे फार जड जाते.

नोटिशीविषयी एक सूचना. राज्याच्या नियोजन कायद्यानुसार किमान ३०० फुटांच्या परिघातील मालमत्तेच्या मालकांना पत्र पाठवले जाते. आपण भाडेकरू असाल, तर ते पत्र आपल्या घरमालकाकडे जाते, आणि तो कदाचित दुसऱ्या राज्यात राहत असतो. म्हणून शहराच्या नियोजन विभागाच्या सूचना-यादीत आपला ईमेल पत्ता नोंदवून ठेवावा. नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करणे स्थानिक संस्थांच्या सभा खुल्या ठेवणाऱ्या राज्याच्या ब्राउन कायद्यानुसार बंधनकारक आहे, आणि त्या ७२ तासांतच लेखी म्हणणे पाठवले तर ते सदस्यांच्या हाती सभेपूर्वी पडण्याची शक्यता अधिक असते. पन्नास जणांनी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा पाच जणांनी पाच वेगळे मुद्दे पाठवलेले बरे.

प्रश्न : शहरांना या दुकानांचा इतका मोह का पडतो? सगळा कराचाच खेळ आहे, असे आमचे मत झाले आहे.
— एक सेवानिवृत्त लेखापाल, सॅक्रामेंटो

उत्तर : आपण लेखापाल आहात, तेव्हा आकड्यांनीच उत्तर देतो. समजा दुकानातील वस्तूची किंमत १०० डॉलर आहे आणि शहराने ५ टक्के स्थानिक कर लावला असून तो दुकानदार पावतीवर वेगळा दाखवतो. रक्कम १०५ झाली. त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क १५ टक्के, म्हणजे १५.७५, एकूण १२०.७५. त्यावर विक्रीकर किमान ७.२५ टक्के, म्हणजे सुमारे ८.७५. ग्राहकाच्या हातून १२९.५० डॉलर जातात. करावर कर आणि त्यावर पुन्हा कर अशी ही चढण आहे, आणि लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी, जेथे शहराचा कर १० टक्के आहे, ती अधिक उंच होते. राज्याने २०२२ मध्ये लागवडीवरील कर रद्द केला. जुलै २०२५ मध्ये उत्पादन शुल्क १९ टक्क्यांवर गेले आणि व्यवसायाने आरडाओरडा केल्यावर १ ऑक्टोबरपासून पुन्हा १५ टक्क्यांवर आणले गेले. शहरांच्या करांना अशी हालचाल माहीत नाही. ते मतदारांच्या मंजुरीने लागतात आणि लागले की राहतात. सर्वसाधारण कर असेल तर साधे बहुमत पुरते. विशिष्ट कामासाठी राखलेला असेल तर दोन-तृतीयांश मते लागतात. त्यामुळे बहुतेक शहरे पहिला मार्ग निवडतात आणि पैसा सर्वसाधारण निधीत जमा होतो, जेथून तो कोठे जातो हे कोणालाही नेमके दाखवता येत नाही. प्रचारपत्रकात मात्र चित्रे अग्निशमन दलाची आणि बालोद्यानाची असतात.

पण कराइतकाच मोठा मोह परवान्याचा आहे, आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. शहराने दुकानांची संख्या तीन किंवा चार अशी ठरवली की प्रत्येक परवाना मौल्यवान वस्तू बनतो. तो कोणाला मिळावा, हे ‘समाजाला होणारा लाभ’ किंवा ‘व्यवसाय आराखड्याची गुणवत्ता’ अशा निकषांवर गुण देऊन ठरवले, तर गुण देणाऱ्याच्या हातात फार मोठी सत्ता जाते. सॅन बर्नार्डिनो काउंटीतील एडेलांटो या वाळवंटी शहराचे उदाहरण यासाठी कायम लक्षात ठेवावे. आर्थिक डबघाईला आलेल्या त्या शहराने गांजाच्या व्यवसायाला दार उघडले. २०१७ मध्ये तेथील एका कौन्सिल सदस्याला वेशांतर केलेल्या एफबीआयच्या हस्तकाकडून १०,००० डॉलर घेतल्याच्या प्रकरणात अटक झाली आणि पुढे तो दोषी ठरला. माजी महापौरानेही २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला. ऑकलंडने २०१७ मध्ये दुसरी वाट धरली. अमली पदार्थविरोधी मोहिमेची झळ ज्या वस्त्यांना सर्वाधिक बसली होती, तेथील अर्जदारांसाठी पहिल्या टप्प्यातील निम्मे परवाने राखून ठेवले. हेतू उत्तम होता. पण परवाना हाती आला तरी गाळा, रक्षक, तिजोरी आणि कर यांसाठी लागणारे भांडवल त्यांच्याकडे नव्हते, आणि बँका उभ्या करत नव्हत्या. भांडवल पुरवणारा भागीदार आला की नावापुरता मालक एक आणि खरा मालक दुसरा, हा प्रकार ओघानेच आला. आपल्याकडे राखीव पेट्रोलपंपांच्या वाटपात हे चित्र पाहिलेल्यांना त्याचे नवल वाटणार नाही.

माझे मत विचारलेत, तर शहराला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असावा, तो मला योग्य वाटतो. ‘हो’ म्हटल्यानंतर मात्र शहराने निवड करू नये. अंतर, तास, सुरक्षा आणि वाहनतळ यांचे मोजता येतील असे निकष आधी छापावेत. जो ते पूर्ण करील त्याला परवाना द्यावा, आणि संख्या मर्यादित ठेवायचीच असेल तर पात्र अर्जदारांत सोडत काढावी. सोडतीत सर्वोत्तम अर्जदार निवडला जाईलच असे नाही. पण सोडतीच्या डब्याला जेवायला नेता येत नाही.

प्रश्न : शहरात बंदी आहे, तरी शेजारच्या घरी गांजा घेऊन येणारी गाडी आठवड्यातून दोनदा थांबते. हे बेकायदेशीर नाही का?
— एक वाचक, ऑरेंज काउंटी

उत्तर : बहुधा नाही. राज्याच्या नियामकाने २०१९ च्या नियमावलीत म्हटले की, परवानाधारक विक्रेता राज्यातील कोणत्याही हद्दीत घरपोच माल देऊ शकतो. सांताक्रूझ काउंटी आणि चोवीस शहरांनी त्याविरुद्ध दावा केला. फ्रेस्नोच्या न्यायालयाने २०२० मध्ये तो निकाली काढताना असा अर्थ लावला की, हा नियम राज्याच्या परवानाधारकाला मोकळीक देतो. शहरांच्या उपविधी त्यामुळे रद्द होत नाहीत. दोन्ही बाजूंनी आपलाच विजय झाला असे जाहीर केले. वैद्यकीय वापराबाबत संदिग्धता उरलेली नाही : १ जानेवारी २०२४ पासून कोणतेही शहर रुग्णाला घरपोच मिळणाऱ्या वैद्यकीय गांजावर बंदी घालू शकत नाही. तेव्हा आपल्या शेजाऱ्याकडे डॉक्टरांची शिफारस असेल, तर विषय तेथेच संपतो; नसेल, तर आपल्या शहराची उपविधी तपासावी लागेल. गाडी परवानाधारकाची आहे का, हे मात्र महत्त्वाचे आहे. राज्याच्या गांजा नियंत्रण खात्याच्या संकेतस्थळावर परवाना क्रमांक पडताळून पाहता येतो. हे खाते २०२१ मध्ये तीन जुन्या विभागांचे एकत्रीकरण करून स्थापन झाले. दुकानांना बंदी असलेल्या शहरांत विनापरवाना विक्रेत्यांना गिऱ्हाईक आयते मिळते, आणि त्यांच्या मालाची कीटकनाशकांसाठी तपासणी झालेली नसते.

प्रश्न : एका मित्राने गांजाच्या दुकानात १५ टक्के भागीदारी देऊ केली आहे. शहराचा आणि राज्याचा परवाना पक्का आहे. मी ग्रीन कार्डधारक असून पुढील वर्षी नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहे. यात काही अडचण आहे का?
— एक अभियंता, बे एरिया

उत्तर : आहे, आणि ती गंभीर आहे. हात घालण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. मित्राच्या वकिलाला नव्हे. शहराचा परवाना आपल्याला शहरापासून आणि राज्याचा राज्यापासून संरक्षण देतो. नागरिकत्व देणारे संघराज्य आहे, आणि १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याखाली अशा दुकानातील विक्रीला संघराज्याची मान्यता नाही. नागरिकत्व व इमिग्रेशन सेवा विभागाने एप्रिल २०१९ मध्ये आपल्या धोरणपुस्तिकेत स्पष्ट केले की, राज्यात कायदेशीर असली तरी गांजाशी संबंधित कृती ‘सदाचरणा’ची अट भंग करणारी ठरू शकते, आणि त्यात या व्यवसायातील रोजगारही येतो. म्हणजे गल्ल्यावर बसणारा विद्यार्थीही सुटत नाही. भागीदाराची स्थिती त्याहून वाईट, कारण व्यापारात सहभाग असल्याचा संशय हे अमेरिकेत प्रवेश नाकारण्याचे स्वतंत्र कारण आहे. त्यासाठी शिक्षा झालेली असावी लागत नाही. भारतातून सुट्टीवरून परतताना विमानतळावर हा प्रश्न विचारला गेला, तर शहराच्या महापौरांच्या सहीचा कागद दाखवून उपयोग नाही.

‘१५ टक्केच आहे, नाव कोठे येणार नाही’ असे मित्र म्हणाला असेल, तर तेही खरे नाही. राज्य २० टक्के किंवा अधिक हिस्सा असणाऱ्याला ‘मालक’ धरते हे बरोबर. पण त्याहून कमी आर्थिक हितसंबंध असणाऱ्यांची नावेही सामान्यतः अर्जात द्यावी लागतात. आणि व्यवहार म्हणूनही एकदा हिशेब मांडून पाहा. संघराज्याच्या आयकर कायद्यातील कलम २८०-ई मुळे अशा दुकानांना भाडे, पगार, जाहिरात यांची वजावट मिळत नसे. मालाची खरेदी किंमत तेवढी वजा होत असे. नफ्याच्या कागदावर दिसणारा आकडा आणि हातात उरणारा आकडा यांत त्यामुळे मोठी तफावत पडत आली आहे, आणि मागील वर्षांच्या थकबाकीचे ओझे नव्या भागीदाराच्या वाट्याला येऊ शकते. मागील पाच वर्षांची करपत्रे पाहिल्याशिवाय कोणाच्याही शब्दावर विसंबू नये.

प्रश्न : महाराष्ट्रात एखाद्या महापालिकेने किंवा ग्रामपंचायतीने असे दुकान नियमित करायचे ठरवले, तर तिला तसा अधिकार मिळू शकतो का? राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने चालतात, हे मी पाहिले आहे.
— एक विधी विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही. आपल्याकडे स्थानिक संस्थेपर्यंत हा विषय पोहोचतच नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली आणि वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगापुरता अपवाद ठेवला. मात्र गांजाची व्याख्या करताना झाडाचे फुलोरे किंवा फळधारी शेंडे एवढेच धरले. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया वगळल्या. भांग पानांची असते, म्हणून ती केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली आणि तिचे नियमन राज्यांकडे गेले. राजस्थानातील दुकाने या फटीतून उभी आहेत. त्यांचा परवाना राज्याचे अबकारी खाते देते, नगरपालिका नव्हे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू होतो, तेव्हा राजस्थानचे उदाहरण येथे चालणार नाही. त्याच केंद्रीय कायद्याच्या कलम १० अन्वये राज्यांना लागवडीचे नियमन करता येते, आणि कलम १४ चा आधार घेऊन उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक धाग्यासाठी लागवडीचा परवाना दिला. पण त्यात किरकोळ विक्री कोठेही नाही.

बे एरियातून पुण्याला सुट्टीवर येणाऱ्या वाचकांनी यातून एवढे ध्यानात घ्यावे की, तेथील दुकानातून रीतसर पावती घेऊन विकत घेतलेली गांजाच्या अर्काची गमी (चघळायची गोळी) मुंबई विमानतळावर उतरताच त्याच १९८५ च्या कायद्याखाली अमली पदार्थाची आयात ठरते. पावती तेव्हा बचावाला येत नाही. माल आपलाच होता, याचा ती पुरावा होते.